दुसऱ्यांदा म्हणायचे पद

१९९८ साली, आश्विन लागल्यापासून, दर गुरुवारी मी सकाळच्या पहिल्या बसने बेज्जूरहून कागजनगरला जाई आणि तिथून पॅसेंजर धरून मंचेरियलला उतरे. वय सहासष्ट झाले होते. हातातल्या कापडी पिशवीत दोन भाकरी, मिरचीची चटणी आणि लाल कापडात बांधलेली एक वही असे. स्टेशनासमोरच्या औषधाच्या दुकानावर सुधाकररावांचा संगणक-वर्ग होता. जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या. मधल्या वळणावर मी दम घ्यायला थांबे, तेव्हा वरून आवाज येई, "या गुरुजी, आरामात या. मशीन काई पळून नाई चालली."

सुधाकरराव आमच्याच बाजूच्या कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातले, चाळिशीतले गृहस्थ. शाळेत मी त्यांना संस्कृत शिकवले होते. ते त्यांना कधीच आले नाही, आणि ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या आनंदाने सांगत. वर्गातल्या चार यंत्रांच्या झाकणांवर रोज कोळशाची बारीक पूड बसलेली असे. ती ओल्या फडक्याने पुसून ते मला खिडकीजवळच्या यंत्रापुढे बसवीत, आणि मी दोन बोटांनी वहीतली अक्षरे रोमन लिपीत टंकू लागे. एका तासात जेमतेम सहा श्लोक होत. मग डोळ्यांना पाणी येई.

वहीत होते ते प्राणहिता नदीचे माहात्म्य, सात अध्यायांचे. ते कुठे छापलेले नव्हते, त्याची पोथीही नव्हती. माझे गुरू केशवराव यांच्या मुखात तेवढे ते होते, आणि त्यांच्या मुखात ते त्यांच्या गुरूंकडून आले होते. केशवराव भाजीमळा करीत. वांगी-मिरच्या बाजाराला धाडून झाल्या, की दुपारी पडवीत घोंगडीवर बसून ते मला पाठ देत. आत स्वयंपाकघरात त्यांची लेक देवकाबाई असे. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली होती. तिला पाठ दिला जात नसे. तशी रीत नव्हती.

पाठाचे दोन नियम होते. प्रत्येक अर्ध्या श्लोकानंतर गुरू थांबत आणि विचारीत, "हूं?" शिष्याने "हूं" म्हटल्याखेरीज ते पुढे जात नसत. दुसरा नियम अध्यायाच्या अखेरचा. शेवटचे पद दोनदा म्हणायचे, पहिल्यांदा गुरूने आणि दुसऱ्यांदा शिष्याने. शिष्याने ते उच्चारले की पाठ मिटला. तोवर शिष्याने उठायचे नाही आणि गुरूने थांबायचे नाही.

"तू म्हनशीन तवाच मी चूप होईन, अमृता," ते हसत सांगत. "नाई म्हनला तं बसीन म्हनत."

१९८४ च्या वैशाखात सातवा अध्याय चालू होता. त्यात छप्पन्न श्लोक आहेत असे त्यांनी आधीच सांगितले होते. ते आजारी होते, घोंगडीवर उशीला टेकून डोळे मिटून म्हणत होते. मला आदिलाबादहून परीक्षेचे पेपर तपासायला हजर होण्याचा हुकूम आला होता, आणि गावातली शेवटची बस साडेतीनला सुटे. एकेचाळीसाव्या श्लोकाला सव्वातीन वाजले. मी वही मिटली, नमस्कार केला आणि हलक्या आवाजात म्हणालो, "उरलेले परतल्यावर घेऊ, गुरुजी." त्यांनी डोळे उघडले नाहीत. ते बेचाळीसावा म्हणू लागले. आपण उठल्याचे त्यांना कळेल आणि ते थांबतील, असे मला वाटले. फाटकातून बाहेर पडलो तेव्हा मागून "हूं?" ऐकू आले. बस दिसत होती. मी धावलो.

पाचव्या दिवशी परतलो तेव्हा सर्व आटोपले होते.

देवकाबाई ओसरीवर तुरी निवडत बसली होती. "तुमी गेल्यावर बी बाबा म्हनूनच राह्यले होते," ती म्हणाली. "दिवे लागेपर्यंत. थांबेच ना. हूं म्हनाले कोनी नाई, तं तिथंच अडकत, हूं-हूं-हूं करत. मंग मीच चुलीपासून हूं म्हनत गेली."

"आणि शेवटचे पद?"

"ते मले कुठं येते?" तिने माझ्याकडे पाहिले नाही. "मले कोनी शिकवलं?"

तेव्हापासून ती पडवीतल्या त्या घोंगडीपाशी रोज दुपारी पाण्याचा तांब्या भरून ठेवी. लेकीची भक्ती, असे मी समजत असे.

हे मी चौदा वर्षे कोणाला सांगितले नव्हते. १९९८ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि जिने कमी चढा असे सांगितले. मला शिष्य नव्हता. कोणी आलेच नाही. अपुरे का होईना, आहे तेवढे लिहून ठेवून जावे, म्हणून मी त्या एकोणीस पायऱ्या चढत होतो.

सुधाकररावांनी एका मासिकासोबत आलेल्या तबकडीवरून मला एक साधन काढून दिले होते. कोणा दूरदेशीच्या गृहस्थाने ते लिहून, त्याच्या घडणीच्या पूर्ण लिखाणासह, सर्वांना खुले करून ठेवले होते. ज्याला हवे त्याने ते वापरावे, वाचावे, चूक दिसली तर कळवावी. काळ्या पडद्यावर चार अक्षरांची आज्ञा टंकली, की ते दिलेली संहिता ओळींचे आकडे घालून क्रमाने दाखवी आणि खाली सगळ्या शब्दांची सूची लावून देई. सुधाकरराव त्याला वेचणी म्हणत. पहिल्या सहा अध्यायांवर वेचणी निर्दोष चालली. प्रत्येक अध्याय त्याच्या अखेरच्या पदाशी थांबला.

कार्तिकातल्या पहिल्या गुरुवारी मी सातव्यावर आज्ञा दिली. एकेचाळीसावा श्लोक आला. सूची आली नाही. काही चौकोन आणि विचित्र चिन्हे उमटली, मग इंग्रजी पत्राच्या तीन ओळी. नोकरीसाठी केलेला अर्ज होता तो. खाली नाव होते आशाबाईंचे. त्या सकाळच्या तुकडीत शिकायला येत.

सुधाकररावांनी चष्मा वर सारून पाहिले. "अरे बाप रे! हे तं त्यांनी सकाळीच टाइप केलं होतं. तुमचा संस्कृत पाहून मशीन भेली काय, गुरुजी?"

त्यांचे हसू मात्र लगेच मावळले. वेचणीचे मूळ लिखाण उघडून ते दीड तास वाचत बसले. मग त्यांनी मला समजेल असे सांगितले. यंत्राच्या स्मृतीत ओळीने घरे असतात. आलेल्या संहितेला वेचणी ठराविक मापाच्या गठ्ठ्यांनी घरे देते, एक गठ्ठा पुरला नाही तर आणखी एक, आणि शेवटच्या अक्षरापुढच्या घरात शेवटाची खूण ठेवते. वाचताना ती खूण दिसली की थांबायचे. पण संहिता जर दिलेल्या घरांत नेमकी, एकही घर न उरता भरली, तर खुणेला जागा राहत नाही. मग वेचणी थांबत नाही. पुढच्या घरांत जे कोणाचे असेल ते वाचत सुटते.

"बांध-धुरा नसला की बैल दुसऱ्याच्या वावरात जाते, तसं," ते म्हणाले. "आज आशाबाईचा अर्ज निघाला. उद्या कोनाचं काय निघंल? हे कळवाच लागते."

"जरूर कळवावे," मी म्हणालो. "चूक दिसली आणि झाकली, तर ती आपली होते."

त्यांनी माझ्या संहितेतले एक अक्षर काढून पाहिले. वेचणी शहाण्यासारखी थांबली. दोन अक्षरे वाढवून पाहिली, तर घरांचा नवा गठ्ठा मिळून तेव्हाही ती थांबली. वैशाखातल्या त्या दुपारी मी जिथे वही मिटली होती, नेमकी तेवढीच संहिता असेल तर मात्र ती थांबत नव्हती. "योगायोग," सुधाकरराव म्हणाले. मीही तसेच म्हणालो.

मग आम्ही संहिता पुन्हा पूर्ववत करून चालवली, पत्रात नीट लिहिता यावे म्हणून. एकेचाळीसावा आला. चौकोन आले. नंतर एक ओळ आली.

मी ती दोनदा वाचली. छंद बिनचूक होता. नदीच्या उतारावरल्या दगडांचे वर्णन होते, आणि एकेचाळीसाव्यात अर्धे राहिलेले वाक्य त्या ओळीत पुरे होत होते. तो बेचाळीसाव्याचा पूर्वार्ध होता.

त्याखाली रोमन लिपीतली तीन अक्षरे होती. hum. तिथे पडदा थांबला होता.

"हे तुमी टाइप केलं, गुरुजी?"

"नाही."

"मंग कोनी केलं?"

माझ्या वहीत तो उद्गार कुठेही नाही. मी फक्त श्लोक उतरवून घेत असे. सुधाकररावांनी कळ दाबली, दुसरी दाबली, पडदा हलला नाही. खाली स्टेशनात मालगाडी आली. तिचे डबे एकमेकांवर आदळत थांबले. माझ्या तोंडून ते सवयीने निघाले असावे, ओठांतल्या ओठांत.

"हूं."

उत्तरार्ध उमटला.

सुधाकररावांचा हात कळफलकापासून लांब, मांडीवर होता. त्यांनी तो उचलून पाहिला आणि पुन्हा खाली ठेवला.

त्या दिवशी दोन श्लोक मिळाले. मग यंत्र अडले आणि बंद करून पुन्हा सुरू करावे लागले. पुढल्या गुरुवारी तीच आज्ञा दिली. एकेचाळीसाव्यानंतर बेचाळीसावा आला नाही. चव्वेचाळीसावा आला.

"मशीन बंद केली की आतलं सारं पुसून जाते," सुधाकरराव म्हणाले. "मागल्या हप्त्यात कुठवर आलो होतो, हे ध्यानात ठेवून राह्यलं कोन?"

मी वहीत उतरवून घेत होतो. चौदा वर्षे कोरी राहिलेली पाने होती ती, कडांनी पिवळी पडलेली. आनंद व्हायला हवा होता. पण दर "हूं" ला माझे खांदे एखादे ओझे उतरवून पुन्हा उचलावे तसे दुखत. गुरुजींच्या वाचेला आजारपणात जी धाप लागे, तीही पडद्यावर दिसत असे. चरणाच्या मध्ये, जिथे यतीचे स्थान नाही, तिथे दोन-तीन घरे रिकामी सुटत.

चार गुरुवारांत पन्नासावा झाला. त्या दिवशी सुधाकरराव माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"गुरुजी, महिना झाला. तुमच्यासाठी थांबलो मी. पन कालच्याला याच मशीनवर दुसऱ्या एकाच्या फायलीत बँकेचा कागद निघाला. लोक वापरून राह्यले हे. आता कळवतो."

"कळवल्यावर ते दुरुस्त करतील?"

"करतीन ना. भला मानूस दिसते."

"आणि मग हे पुढे येणार नाही."

"नाई येनार." त्यांनी माझ्या वहीत डोकावले. "पाच-सहाच राह्यले ना?"

मी मान हलवली. सहा श्लोक उरले होते, आणि एक पद. ते मी म्हटले नाही, तर पाठ मिटणार नव्हता. हे मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. वैशाखातली दुपार, बस, फाटकातून ऐकलेले "हूं", सगळे सांगितले. ते खिडकीबाहेर पाहत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मंग तं दोन्ही करावं लागते. कळवावं बी, अन् संपवावं बी." आणि त्यांनी पत्र लिहायला घेतले. कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, किती घरे, काय केले असता काय होते, हे सारे त्यांनी क्रमवार मांडले. पडताळ्यासाठी माझी सातव्या अध्यायाची संहिता सोबत जोडली, एकेचाळीस श्लोकांची. श्लोकांविषयी, त्या उद्गाराविषयी एक अक्षरही लिहिले नाही. कोण विश्वास ठेवणार होते? पुढल्या आठवड्यात हैदराबादला गेले तेव्हा त्यांनी ते तिथून ई-मेलने धाडले.

त्यानंतरचे तीन गुरुवार वेचणी माझ्या यंत्रावर मुकी राहिली. एकेचाळीसावा येई, चौकोन येत, बाकी काही नाही. मी भाकरी खाऊन परतत असे.

उत्तर मार्गशीर्षात आले. सुधाकररावांनी हैदराबादहून त्याची छापील प्रत आणली आणि मला मराठीत वाचून दाखवली. लिहिणारा सभ्य होता. त्याने आभार मानले होते. चूक खरी आहे, गंभीर आहे, आपण ती दुरुस्त केली आहे, असे त्याने लिहिले होते. संहितेला एक घर अधिक दिले आहे, म्हणजे शेवटाच्या खुणेला कायमची जागा राहील. ती खूण कुठे ना कुठे ठेवावीच लागते. जागा न राखता ठेवली, तर ती शेजारच्याच्या घरात पडून त्याचे पुसून टाकते, असेही त्याने समजावले होते. दुरुस्त आवृत्ती सोबत होती.

मग सुधाकररावांचा आवाज जरा खाली आला.

"पुढं लिवतो तो. 'तुमची फाइल माझ्या मशीनवर चालवून पाहिली. शेवटानंतर काही ओळी आल्या. त्या माझ्या मशीनवर कुठंच नव्हत्या, भाषाही मला ठाऊक नाही. तुमच्या कामाच्या असतील म्हणून जशाच्या तशा उतरवून पाठवतो. प्रत्येक ओळीनंतर तीन अक्षरं येतात आणि प्रोग्राम थांबतो. मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये थांबण्याची सोय नाही. तीन दिवस तो थांबलेलाच होता. शेवटी मी ती तीन अक्षरं मोठ्यानं वाचली, तेव्हा पुढे गेला. त्याला काय उत्तर द्यायचं असतं, ते कृपया कळवा.'"

खाली ओळी होत्या. एक्कावन्न ते पंचावन्न.

छप्पन्नावा नव्हता.

आम्ही जुनी वेचणी एकदाच, अखेरची चालवायची ठरवली. दुपारचे बारा वाजून गेले होते. वर्ग रिकामा होता. सुधाकररावांनी आज्ञा दिली आणि आपली खुर्ची मागे, भिंतीपर्यंत सरकवली.

एकेचाळीसावा. चौकोन.

छप्पन्नाव्याचा पूर्वार्ध. hum.

"हूं," मी म्हणालो.

ती फलश्रुती होती. ऐकणाऱ्याला काय फळ मिळते ते प्रत्येक माहात्म्याच्या अखेरीस सांगतात. जो या कथेचे अखेरचे पद उच्चारील, त्याला वक्त्याचे आसन मिळेल, असा अर्थ होता. माझे डोळे भरून आले. गुरुजींनी माझ्यासाठी एवढे राखून ठेवले होते, आणि मी बस धरायला धावलो होतो.

शेवटचे पद उमटले. एकदा.

त्यापुढे रिकामे होते. पडदा वाट पाहत होता.

मी बसल्या जागी ताठ झालो, हात जोडले आणि ते पद म्हटले. आवाज कापला, पण उच्चार स्पष्ट झाला.

त्याखाली, नेहमीसारखी, शब्दांची सूची उलगडली. वेचणी थांबली.

"झालं, गुरुजी," सुधाकरराव म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि कपाळ पुसले. "बारा वाजून वीस मिनिटं. घरी जा आता. चांगली झोप घ्या." त्यांनी जुनी आवृत्ती काढून टाकली आणि नवी घातली. सातवा अध्याय तिच्यावर चालवून पाहिला. ती एकेचाळीसाव्याशी आज्ञाधारकपणे थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गुरुजींच्या घरी गेलो. चौदा वर्षांनंतर देवकाबाईंना सांगण्यासारखे काही माझ्यापाशी होते. पाय जड होते, पण मन हलके होते. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत होत्या. देवकाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून ज्वारीचे पीठ चाळत होत्या.

"देवकाबाई, पाठ मिटला," मी म्हणालो. "काल मी शेवटचे पद म्हटले."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "बाबा काल दुपारीच चूप झाले. साडेबारा बी नसतीन झाले. चौदा सालानं घर मोकळं लागलं."

"चौदा वर्षे तुम्हांला ऐकू येत होते?" मी विचारले.

"मंग पानी कोनासाठी ठेवत होती मी?" त्यांनी चाळणी झटकली. "हूं-हूं म्हनून म्हनून माहा घसा बसला. तुमाले सांगून काय? तुमी तं गेलते."

मी पडवीकडे पाहिले. दार लोटलेले होते. फटीतून घोंगडी दिसत होती आणि तिच्यापाशी भरलेला तांब्या. नुकताच भरलेला. बाहेरून त्याला पाण्याचे थेंब होते.

"मग हा आज कशाला?"

देवकाबाईंनी हात थांबवले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता.

"काऊन, गुरुजी?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कालपासून तुमीच तं म्हनून राह्यले."

मी ऐकू लागलो. आधी फक्त अंगणातल्या वाळत्या शेंगांची सळसळ होती. मग दाराआड कोणीतरी पहिल्या अध्यायाचा पहिला श्लोक म्हणत असल्याचे कळले. उच्चार स्पष्ट होते. आवाज थोडा कापत होता. अर्ध्या श्लोकाशी तो थांबला.

"हूं?" माझ्या आवाजाने विचारले.

देवकाबाईंनी चाळणी पुन्हा हातात घेतली.

"हूं," त्या म्हणाल्या, आणि पीठ चाळू लागल्या.